पुढच्या सीटची शिवण

जुन्या गाड्यांच्या सीटा, दारांची अस्तरं, छताचं कापड दुरुस्त करायचं ते दुकान बहीणभावाचं होतं. शिवणं ताईचं, बोलणं भावाचं. "ताईचे शब्द ठेवणीतले आहेत, रोजच्या वापराला काढत नाही ती," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. तो वारला आणि दुकान मुकं झालं. कोणी आलं की ताई मापं घ्यायची, मान डोलवायची. माणूस गेला की पुन्हा मशीनची खडखड. वर राहायच्या खोल्यांत तर तीही नसायची.

अशात एक निवृत्त शिक्षक वडिलांची जुनी गाडी घेऊन आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सीटांचं कातडं तडकलेलं, स्प्रिंगा वर आलेल्या, छताचं कापड पोटासारखं लोंबलेलं. गाडी ठेवून जातील असं ताईला वाटलं, पण मास्तर स्टूल ओढून बसले. मग रोज दुपारी येऊ लागले. वडिलांनी गाडी गटारात कशी घातली, आई मागच्या सीटवरून कशी ओरडली, सगळं रंगवून सांगायचे. ताई हसायची. एकदा तिनेच भावाचा एक किस्सा सांगितला आणि स्वतःचा आवाज ऐकून चपापली.

काम संपत आलं. उरलेल्या पुढच्या सीटची खोळ शिवून झाली, तेव्हा तिने ती उसवली. मास्तरांना म्हणाली, "वाकडी गेली." पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. कापडाचं एक वेळ चालतं; कातड्याला सुईचं भोक पडलं की पडलंच. आणखी एकदा दोरा ओढला आणि टाक्यांच्या रेघेवर कातडं टर्रकन फाटलं.

मास्तर समोरच होते. "अहो ताई, चांगली सरळ तर होती शिवण! उसवलीत कशाला?"

ताईने दाभण खाली ठेवलं. "गाडी गेली की तुमचं येणं बंद होणार."

मास्तर गडबडले, चष्मा पुसत बसले. "हात्तिच्या! येईन की. गाडी नसली म्हणून काय झालं?"

तिने पदरचं नवं कातडं घालून खोळ एका दमात शिवली. गाडी गेली.

मास्तर खरंच आले, एकदा. स्टुलावर बसले. पण जिच्याकडे बोट दाखवून काही आठवावं, ती गाडी समोर नव्हती. हवापाण्याचं बोलून झालं, तब्येतीचं झालं. ताईनेही काहीतरी काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "बरंय, येतो," म्हणून उठले, ते परत फिरकले नाहीत.

ताईने राग धरला नाही. काही काळ दुपारी मशीन थांबवून रस्त्याकडे बघायची, मग तेही सुटलं. पुढे एक ट्रकवाला सीट दुरुस्तीला टाकायला आला. तो वळला तसं तिच्या तोंडून निघालं, "बसा ना जरा."

"घाईत आहे हो, ताई," म्हणत तो गेलासुद्धा.

तिने सीट पालथी केली आणि गंजलेले खिळे उपटायला घेतले.