फुगडीआधी पुसलेले हात

नात शिकायला ब्राझीलला गेली आणि तिथं कापोएरा नावाचा खेळ खेळू लागली. सगळ्यांनी गोल करायचा, मधे दोघांनी वाऱ्यासारख्या लाथा फिरवायच्या, पण समोरच्याला एकही लागू द्यायची नाही. तिच्या गुरूनं विचारलं, तुमच्याकडे असा गोलातला खेळ कोणता? पोरीनं मलाच पुढं केलं. माझ्या माहेरी, मुखेडात, माझ्यासारखी फुगडी कुणाला येत नव्हती, हे तिला लहानपणापासून मीच सांगत आले होते. बढाईला काय, पीठ थोडंच लागतं!

तर नांदेडच्या घरात, दिवेलागणीला, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून मी मास्तरीण झाले. तिकडं तेव्हा सकाळ असते. समोर दहा-बारा जण, मराठी एकालाही येत नाही. नात त्यांच्यातच जोडीला उभी. तिला जमेल तेवढं ती सांगायची, बाकीचं ते माझ्याकडे बघून करायचे. एकटीनं फुगडी दाखवायची कशी? मी खिडकीचे गज धरून मागं झुकले. पुढच्या खेपेला बघते, तर सगळे आपापल्या खिडकीला लटकलेले. मी पदर खोचला, तर त्यांनी नसलेला पदर खोचला. लई हसले मी.

मग त्यांनी हात पुसले. उजवा तळवा मांडीवर तीनदा, डावा तीनदा, आणि मगच जोडीदारापुढे हात. सगळ्यांनी एकदम. माझं हसू जागच्या जागी वाळलं. हे मी शिकवलं नव्हतं. दर खेपेला गज धरण्याआधी, माझं मलाच न कळता, मी ते करून राहिले होते.

पंचमीला लिंबाखाली आमच्या फुगड्या रंगायच्या. आधी जिचा हात सुटेल ती हरली, असा नेम. आदल्या साली शेजारच्या मैत्रिणीनं मला हरवलं होतं. माझं वय सतरा, अक्कल सातची. त्या साली मी तळव्यांना करडीचं तेल चोळून गेले. भर वेगात तिचे हात माझ्या हातांतून निसटले आणि ती पाराच्या दगडावर आपटली. बाया म्हणाल्या, तिनंच सोडलं. मी बक्षिसाचा नारळ घेऊन ऐटीत घरी आले. तिचं मनगट वाकडंच बसलं. भाकरी थापता येईना, म्हणून उदगीरला ठरलेलं लग्न मोडलं. जन्म भावाच्या घरी काढला तिनं.

ती कधी बोलली नाही. मी माहेरी गेले की माझा तळवा धरून नाकाशी न्यायची, वास घ्यायची, हसायची आणि सोडून द्यायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. करडीचं तेल मी कित्येक वर्षांत घरात आणलेलं नाही. तरी पीठ मळताना एखाद्या दिवशी हाताला तो वास येतो.

"आजी, हे हात पुसणं लई आवडलं इथं," नात म्हणाली. "गुरू विचारून राहिलेत, ह्याचा अर्थ काय?"

धरणीमातेला नमस्कार, असं तोंडाशी आलं होतं. तिकडं ते पिढ्यान् पिढ्या चाललं असतं.

"पंचमीची ती नारळाची फुगडी मी जिंकले न्हाई," मी म्हटलं. "हाताला तेल लावून गेले होते. मैत्रिणीनं न्हाई सोडलं."

नात मोबाईलजवळ आली. मग म्हणाली, "सांगू त्यांना?"

"सांग."

ती त्यांच्या भाषेत बोलत राहिली. मला एक शब्द कळला नाही, पण एकेकाचे हात खाली येताना दिसले. मग लांब वेणीची एक पोरगी पुढं झाली. तिनं जोडीदारणीचा तळवा धरला, नाकाशी नेला, वास घेतला आणि हसली.

वासाचं मी नातीला सांगितलंच नव्हतं.

आता ती हात सोडून देईल म्हणून मी बघत राहिले. तिनं दुसराही हात धरला आणि मागं झुकली.