वाऱ्याला कहवा

सिद्रा गावात स्वतःचा वारा नाही असं माणूस एकच होतं, झुवैना. बाकी झाडून सगळ्यांकडे होता. सात वर्षांचं पोर गावामागच्या कड्यावर जाऊन शीळ घालायचं आणि एखादा वारा उतरून त्याचा व्हायचा. मग खजूर वाळवायला, भुसा उडवायला, पलीकडच्या खोऱ्यातली खबर आणायला तो जन्मभर राबायचा. झुवैनाही कड्यावर तीन दिवस बसली होती. पण ज्याला कधी पाहिलं नाही त्याला शीळ घालून बोलवायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. ती नुसतं "या, बसा" म्हणाली. खाली जमलेले लोक पोट धरून हसले आणि वारा काही आला नाही.

त्याला आता पस्तीस वर्षं झाली. झुवैना गावच्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसाठी कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, करायची. डाव्या हातात चोचीची किटली, उजव्या हातात पेले, आणि वाढायचं ते उभ्यानेच. पाहुण्याला आधी खबर विचारायची, मग पेला भरायचा. तो पेला हलवून पुरे म्हणेपर्यंत त्याच्याकडे काही मागायचं नाही. गावातले लोकही भेटले की आधी एकमेकांची खबर विचारत. झुवैनाला मात्र कुणी विचारत नसे. खबर आणतो वारा, आणि हिला तर वाराच नाही! शुद्ध आडमुठेपणा होता हा, पण गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात खजूर झाडावर पिवळे पडायला लागले आणि एका दुपारी वाळवंटातून गरबी आला. हा कुणाचाच नसलेला वारा. बघता बघता आभाळ तांबडं झालं आणि वाळू थेट भुयारी पाटाच्या तोंडाशी येऊन पडू लागली. ते तोंड बुजलं की बागा वाळणार आणि गावाला बिऱ्हाड उचलावं लागणार.

पाटकरी खलफान छपरावर चढून शीळ घालत सुटला. "मागं फिर! फिर म्हणतो ना!" गरबीने त्याचं मुंडासं उडवलं. खुद्द खलफानचा वारा घाबरून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन लपला.

बैठकीचं दार धाडकन उघडलं तेव्हा झुवैना चुलीपाशीच होती. उंबऱ्यात छतापर्यंत पोचणारा तांबडा लोट उभा होता. दारात आलेल्याला काय म्हणायचं, एवढं एकच तिला येत होतं.

"या, बसा," ती म्हणाली. "लांबून आलात. काय खबर?"

"अगं, वेड लागलं का तुला?" आसऱ्याला आत आलेली शेजारीण घाल्या खांबाला मिठी मारून ओरडली. "वाऱ्याला कुणी खबर विचारतं का?"

खरंच, कुणी कधी विचारली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या जे वारे खबरा वाहत आले, त्यांची खबर कुणी घेतलीच नव्हती.

लोट थबकला. मग हळूहळू आत आला आणि चटईवर टेकला, तेही एकही धागा न विसकटता. झुवैनाने खजुरांचं ताट पुढे सरकवलं, पेला भरला आणि हात लांब केला. पेला तिच्या बोटांत असतानाच रिकामा झाला. तिने दुसरा भरला, मग तिसरा. वाळूने तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण किटलीतला एक थेंब सांडला नाही.

आणि मग तो इवलासा पेला तिच्या हातात आपोआप डावी-उजवीकडे हलला. पुरे.

आता मागायला हरकत नव्हती. "पाटाच्या तोंडाशी वाळू पडलीये," ती म्हणाली. "जाता जाता तेवढं बघाल का?"

तो उठला आणि गेला. माणसं बाहेर आली तेव्हा पाटाचं तोंड झाडून लख्ख झालं होतं, पाणी खळखळत होतं आणि लांब क्षितिजावर एक तांबडी रेघ सावकाश चालली होती. घाल्या तिथेच मटकन खाली बसली.

खलफान बोडक्या डोक्यानेच बैठकीत आला. रोज तो झुवैनाकडे न बघता पेला घ्यायचा. आज ती किटली उचलायला लागली, तर त्याने हाताने थांबवलं. घसा खाकरला.

"झुवैनाताई," तो म्हणाला, "काय खबर?"

यावर काय म्हणायचं ते गावातलं शेंबडं पोरही जाणतं: खबर काही नाही, सगळं कुशल. पस्तीस वर्षं झुवैनाने हे उत्तर मनात घोळवून ठेवलं होतं. आता ते ओठांवर येईना.

"बस आधी," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."