शांततेसाठी आलेला पाहुणा

गेदिओन आमच्या गावातला जुना शिकारी. हल्ली तो कुत्र्यांच्या गाडीवरून पाहुण्यांना बर्फात फिरवतो. मार्चमधल्या सहलीत पाचव्या दिवशी कुत्र्यांचं खाणं संपलं आणि नेमका समोर बर्फावर पहुडलेला सील दिसला. त्याने बंदूक उचलली.

"माझ्यासमोर नको," पाहुणा म्हणाला. "मी शांततेसाठी आलोय."

"कुत्री उपाशी आहेत, साहेब."

"सहलीत शिकार होणार नाही, असं सहलीच्या कंपनीने मला कबूल केलंय."

गेदिओनने चरफडत बंदूक खाली ठेवली. सील पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी चढावर बसकण मारली, तेव्हा दोघांनी मिळून सहा तास गाडी ढकलली.

घरी बायको म्हणाली, "सोमवारी दुसरा पाहुणा येतोय."

"कंपनीला कळव, मी येणार नाही. त्या कुत्र्यांकडे बघवत नव्हतं मला."

सोमवारी तो एकटाच शिकारीला गेला.