चौथी जागा

"तीनच जन त बसले, फकीरभाऊ! चौथी जागा रिकामी दिसते मले."

"रिकामी नाई. ठेवेल हाय."

"कोनासाठी? हवेसाठी?"

"वच्छलावहिनी, दहा मिनिटं थांबा. पुष्पाबाईचं आटपतच आलं."

"तिचं आटपते कधी! भाजीत मीठ किती टाकलं तिथपासून सांगते ते. माह्या पोराले, गणेशले, जेवाची सुट्टी अर्धा घंटा."

कोपऱ्यातून पुष्पाबाई म्हणाल्या, "ऐकू येते मले," आणि पुन्हा फोनवर बोलू लागल्या.

फकीर मोहम्मद पिंजारी. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात त्यांनी चाळीस वर्षं गाद्या भरल्या. गावात मोबाइलला रेंज नाही. वायफायचा डबा बसला तो त्यांच्याच दुकानावर. उंचावरचा स्लॅब तेवढाच. पहिल्या दिवशी आठ जणांनी एकदम फोन लावले, तर आपल्या माणसांचे आवाज चिंध्या होऊन आले. अर्धा शब्द, मग काहीच नाही, मग तीन शब्द एकावर एक. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात छेडली की कापूस ओला का कोरडा ते ओळखणारा फकीरभाऊंचा कान. त्यांनी एकेकाला फोन ठेवायला लावला. चार उरल्यावर म्हणाले, "बस. आता साफ."

तेव्हापासून एका वेळी चौघंच. बीटी कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी शिरली, उभी पऱ्हाटी उपटून पोरं सुरतेला कामाला गेली, दुकानापुढची रांग वाढली. नियम तोच राहिला.

रविवारी दुपारी मात्र ते तिघांनाच बसू देत. चौथी जागा झेबाची. भुसावळला दिलेली त्यांची लेक दर रविवारी याच वेळेला फोन करायची. आई गेल्यावर तिनं विनवलं होतं, "अब्बा, इथंच राहायला या." हे हसले. "पोरीच्या दारात बसून खाऊ काय मी?" त्यानंतरच्या अकरा रविवारी तिचा फोन आला नव्हता.

"मंग तुमीच लावा ना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पोरीच्या सासरी बाप आपनहून फोन लावत नसते, वहिनी. तिनं लावाव."

"आन ते तिकडं म्हनत असन, अब्बानं लावाव!"

फकीरभाऊंनी फोनकडे पाहिलं. त्यावर काही नव्हतं.

वच्छलाबाईंचा आवाज उतरला. "मंगळवारपासून ताप हाय गणेशले. मी बरा हाय म्हनते, पन खोटं बोलते मेला. त्याचा आवाज पुरा आयकला का समजते मले. तुकड्यात काय समजन?"

 फकीरभाऊंनी आपल्या फोनचं वायफाय बंद केलं.

"लावा."

वच्छलाबाईंनी घाईघाईनं नंबर लावला. तिकडे घंटी वाजू लागली. फोन कानाला धरूनच त्यांनी विचारलं, "आन एवढ्यात झेबाचा आला त?"

फकीरभाऊंनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि ते भर उन्हात एसटीच्या थांब्याकडे निघून गेले.