ज्याची साखळी आधी

आमच्या जामला, नागपूर-हैदराबाद हायवेवर, अपघाताच्या बाबतीत एकच कायदा चालतो. ज्याच्या क्रेनची साखळी आधी लागली, गाडी ओढायचे पैसे त्याचे. पोलीस मागाहून येतात. उलटलेल्या ट्रकमधून माणसं काढायची बाकी असतात आणि दोन क्रेनवाल्यांचे पोट्टे साखळीचा आकडा अडकवण्यासाठी एकमेकांच्या छातीवर लाथा घालत असतात. असल्याच एका मारामारीत माझ्या दादाचे पुढचे दात गेले. क्रेन त्याची स्वतःची होती, जीव टाकायचा तो तिच्यावर.

मी तेव्हा नागपूरला बिझनेस अ‍ॅनालिटिक्स घेऊन एमबीए करत होते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प हवा होता. वर्गातल्या पोरींनी मॉल आणि पिझ्झाचे विषय घेतले. मला दादाचं फुटलेलं तोंड दिसत होतं. क्रेन कुठे उभी केली तर ती सगळ्यांच्या आधी पोचेल, हा माझा विषय. दादाच्या फोनवर आलेले अपघातांचे जुने कॉल, वळणं, उतार, हंगामातल्या कापसाच्या गाड्या, सगळं मॉडेलमध्ये घातलं. "कॉम्प्युटरले काय समजते जामचा रस्ता?" म्हणत दादा हसला, पण मी सांगेन तिथे क्रेन लावू लागला. आणि पहिली साखळी त्याचीच लागू लागली. मला इतका माज चढला होता की विचारू नका.

दुसऱ्या क्रेनवाल्याला हे काही केल्या उमगेना. अपघाताआधीच क्रेन हजर म्हणजे अपघातही हाच करतो, वळणावर ऑइल ओततो, असं त्यानं चौकातल्या टपरीवर ठरवून टाकलं. लोकांनाही पटलं. आकडेमोडीपेक्षा ऑइल समजायला सोपं.

दिवाळीनंतर एका दुपारी मी दादाबरोबर क्रेनमध्ये बसून होते, मांडीवर लॅपटॉप. समोरच्या वळणावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आमच्या डोळ्यांदेखत उलटला. ड्रायव्हर काच फोडून डांबरावर आपटला आणि तिथेच गेला. कुणीतरी त्याच्या तोंडावर त्याचाच दुपट्टा टाकला. दादानं साखळी लावली.

तेवढ्यात दुसरी क्रेन आली. ट्रककडे कुणी पाहिलंही नाही. त्या पोट्ट्यांनी दादाला कॉलर धरून खाली पाडलं, साखळीनं पाठ फोडली. त्या क्रेनच्या मालकानं चाकं खोलायची लोखंडी टॉमी हातात घेतली आणि दादाच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी लॅपटॉप घेऊन मध्ये घुसले. "आमी ऑइल नाई टाकत! हे पाहा, हिशेब हाय हा. या वळणावर अपघात होते, हे याच्यात पहिलेच निघते!"

मालकानं हात थांबवला. पोट्टेही थांबले. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग दुपट्ट्याकडे.

"पहिलेच मालूम होतं तुले?" तो म्हणाला. टॉमी त्यानं खाली टाकून दिली. "मंग त्या ड्रायव्हरले काऊन नाई सांगतलं, पोरी?"

मी टॉमी उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यावर घातली. तो ओरडत खाली बसला. मग खांद्यावर घातली. तोंडावर घालणार होते, पण लोकांनी मला मागून आवळून धरलं. तो अजूनही पाय फरफटत चालतो. भावाला मारत होते म्हणून मारलं, असं मी पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. दादाला मारणं तर कधीच थांबलं होतं.

दवाखान्यात दादाच्या हातात सळई घालावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं.

"मी पडलो होतो तवा तो तुले काय म्हणून राह्यला होता?"

"काई नाई. शिव्या देऊन राह्यला होता."

"मंग बरं केलं तू," दादा म्हणाला, आणि चांगल्या हातानं त्यानं माझा हात धरला.