घडाला कागद, पोरीला लेप

ऊन लागून रंग बिघडू नये म्हणून दिंडोरीत द्राक्षाच्या घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बयाबाई आत्याचं चाललं असतं, तर तिनं आपल्या भाचीलाही तसंच गुंडाळून ठेवलं असतं. भाची म्हणजे वेदिका. सगळी बाग तीच सांभाळायची, ट्रॅक्टरवर बसून फवारणी करायची, आणि आत्या बांधावरून ओरडायची, “काळी पडली तर कोण करंल गं तुला?”

पाहुणे बघायला येणार त्या दिवशी आत्यानं सकाळपासून तिच्या तोंडाला बेसन-हळद थापून तिला घरात कोंडलं. एवढं करूनही मुलाची आई पोह्यांवर लिंबू पिळत म्हणालीच, “पोरगी चांगली हाय, पण जरा उजळ पाहिजे होती.”

वेदिकाचं डोकं सणकलं, पण ती गोड हसली.

“मावशी, थोड्या घडांना कागद लावायचे राहिलेत. तुमच्या मुलाला पाठवता का माझ्यासंगं बागेत? बोलणंही होईल.”

“आत्ता? एवढ्या उन्हात? नाय गं बाई, काळा पडंल तो!”

वेदिका वळून म्हणाली, “आत्या, एक मोठा कागद आण. यांचा मुलगा नीट गुंडाळून परत देऊ.”