चालू माईक माझ्या हातात होता

हत्तीने दोन्ही कान झाकले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

खरा हत्ती नाही, पडद्यावरचा. ठाण्यात एका टॉवरखाली बालवाडी आहे, तिथे मी मदतनीस होते. म्युझिक रूममध्ये भिंतभर स्क्रीन. पोरांनी माईकमध्ये गायचं, मशीन ऐकणार. सूर लागला की हत्ती नाचणार, तारे पडणार. चुकला की कान झाकून मान हलवणार. त्या दिवशी माईक होता माझ्या मुलीच्या हातात. बोधी. साडेचार वर्षांची. मी दारात फडकं घेऊन उभी.

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "बास, बास. मावशी, घेऊन जा हिला. तुमच्याकडे जयंतीला ते लाऊडस्पीकर लावतात ना, तीच सवय घशाला. बाकीच्या मुलांचे कान जातील."

मी घेऊन गेले. वर "सॉरी मॅडम" म्हटलं. त्या सॉरीची मला अजून लाज वाटते.

आणि मावशी म्हणे! मी एकोणतीसची. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, केस काळे करतात. तरी मावशी मीच. बोधीला फी न घेता मागच्या बाकावर बसू दिलेलं, ते उपकार महिन्यातून दोनदा ऐकायचे. ऐकायचे आणि लादी पुसायची.

आता खरी गोष्ट सांगते. तीन वर्षं त्या हत्तीला मीच नाचवत होते.

दर शनिवारी नवीन पालकांना डेमो असायचा. तीन-चार वर्षांचं पोर, समोर एवढी माणसं, त्याचा कसला सूर लागतोय? घाबरतं, माईक चाटतं, रडतं. हत्ती ढिम्म. मग मॅडमनी युक्ती काढली. मी लादी पुसताना गुणगुणते ते त्यांनी ऐकलेलं. "मावशी, तुमचा गळा बरा आहे हं," म्हणाल्या. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. बावळट कुठली! तेव्हापासून डेमोला पोराच्या हातातला माईक बंद असायचा. चालू माईक माझ्या हातात. बाजूला खेळणी ठेवायची खोली, तिथे दार लावून मी उभी राहायचे. दाराच्या काचेतून बघत हळू, नाजूक गायचं, बाहेर ऐकू जाता कामा नये. उशीर झाला तर मॅडम खोकायच्या. बाहेर हत्ती नाचायचा, आईबाप टाळ्या वाजवायचे आणि तिथल्या तिथे फॉर्म भरायचे.

गाणं मला घरातूनच आलंय. आम्ही कल्याणजवळच्या मोहन्याचे. माझे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरसला असायचे. मोकळ्या मैदानात, खुला आवाज. बोधी त्यांच्याच मांडीवर शिकली. मोरीत अंघोळ करतानाही गायची, शेजारी भिंतीवर थापा मारायचे, "अगं, बस कर आता!"

त्या दिवसानंतर बंद. मोरीत फक्त पाण्याचा आवाज. विहारात वंदनेला नुसते ओठ हलवते. मी विचारलं, "का गं, काय झालं?" तर म्हणाली, "हत्ती कान झाकतो ना."

एवढंच बोलली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा राग जास्त, मॅडमचा की माझा, कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर म्युझिक रूम झाडायला गेले. मशीन चालूच होतं. माईक घेतला. बोधीने म्हटलेलं तेच गाणं बोधीसारखं म्हटलं, छातीतून. हत्तीने कान झाकले. परत तेच गाणं, खेळण्यांच्या खोलीत म्हणते तसं हळू. नाचला! पाच तारे. चार वेळा करून बघितलं. सूर तोच, गळा तोच. त्या हत्तीला सुरातलं काहीएक कळत नव्हतं. त्याला फक्त मोठा आवाज चालत नव्हता. आणि सेटिंगमध्ये आवाजाची एक पट्टी होती, बोटाने सरकणारी. ती वर सरकवली, मग मोकळ्या आवाजालाही नाचला. एका बोटाचं काम! मग पट्टी होती तिथे परत आणून ठेवली.

मॅडमना जाऊन सांगितलं. म्हटलं, "बोधीला एकदा परत गाऊ द्या. सगळ्या मुलांसमोर. बाकी काही नको मला."

मॅडमनी वर बघितलं नाही. "मशीन परदेशातून आलंय, मावशी. तुम्ही त्याला शिकवू नका. तुम्ही लादी बघा. आणि शनिवारी वेळेवर या, बारा पालक आहेत."

वेळेवर गेले. खोलीत उभी राहिले. बाहेर एक गोरंगोमटं पोर बंद माईक घेऊन उभं होतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मॅडमचं भाषण झालं, गाणं लागलं. मी तोंड मिटलं. हत्ती ढिम्म. मॅडम खोकल्या. परत खोकल्या. मग म्हणाल्या, "नेटवर्क स्लो आहे आज."

मी दार उघडून बाहेर आले.

"नेटवर्कला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "पोराच्या हातातला माईक बंद आहे. चालू माईक हा. तीन वर्षं आतून मी गातेय."

हळू म्हणून दाखवलं. हत्ती नाचला. मग मोठ्याने म्हटलं. त्याने कान झाकले, तरी मी थांबले नाही. कडवं पूर्ण केलं. माईक टेबलावर ठेवून म्हटलं, "माझ्या मुलीला हा असाच बेसूर ठरवतो. तुमच्याही मुलांना ठरवेल."

एक बाई भरलेला फॉर्म मॅडमच्या हातातून परत घेत होती. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा. "हेल्पर आहे हो ती, मनावर घेऊ नका," त्या सांगत सुटल्या. मग माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून यायचं नाही."

"उद्या रविवार आहे, मॅडम."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तो चेहरा आठवला की अजून बरं वाटतं.

परवा त्यांचा निरोप आला. सगळा गैरसमज झाला असं लिहून द्या, अनुभवाचा दाखला देतो. मी निरोप धाडला, माझा अनुभव मी तोंडी सांगते.

सांगतेही. दर शनिवारी मोहन्याहून जाऊन त्या गेटवर उभी राहते. वॉचमन हाकलतो, मी रस्त्याच्या पलीकडे जाते. फॉर्मची पिशवी घेतलेले आईबाप दिसले की गाठते. अर्धे ऐकतात, त्यातले अर्धे फॉर्म न भरताच परत फिरतात. तेवढे मला पुरेत. माझी आई म्हणते, "जाऊ दे गं, किती दिवस धरून बसशील? पोर गायला लागली की थांबशील ना?"

बोधी अजून गात नाही. आणि ती गायला लागली तरी मी थांबणार नाही.